डोलकाठी करून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

नमस्कार काका,

तुम्ही मोबाइलवर वाचत बसणार नाही, पुतण्या वाचून दाखवेल. पण हे चारचौघांत सांगायचं होतं. पुण्यात शिडाची होडी बांधतोय म्हटल्यावर बहुतेकांनी मुठेला पाणी किती असतं ते विचारलं. भवानी पेठेतल्या तुमच्या दुकानात तुम्ही विचारलंत, "वारा भरला की जोर नक्की कुठे येतो?"

काठीला ताणाचे दोर नाहीत, ती डेकमधून खाली जाऊन तळाशी टेकते, म्हणजे सगळा जोर डेकपाशी. तुम्ही तिथे पेन्सिलीने फुली मारलीत आणि त्या फुलीजवळ एकही गाठ नको म्हणून वखारीत फळ्या उलटत बसलात. सागवानापुढे दुसरं लाकूड न मानणारे तुम्ही! पण वर वजन वाढलं की होडी कलंडायला बघते हे ऐकल्यावर डग्लस फर या हलक्या लाकडाला तयार झालात. कुरकुरत का होईना.

दीड इंची फळ्यांना फूटभराचे तिरके सांधे आणि दोन फळ्यांचे सांधे एकमेकांसमोर न येऊ देणं, हे सगळं तुमच्या नजरेखाली झालं. माझ्या डोक्यातून जात नाही ती मात्र टाकाऊ पट्टीची खूणपट्टी. दोन टोकांना खिळे, मधे दोन पेन्सिली, अंतरं ७:१०:७. ती तिरकी धरून, दोन्ही खिळे कडांना घासत ओढायची. काठी वर निमुळती होते तशा रेघाही आपोआप जवळ येतात, आणि रेघांपर्यंत कोपरे रंधा मारून उतरवले की चौकोनाचा अष्टकोन. आकडे मी छापून आणले होते. पट्टी तुम्ही चहा येईपर्यंत केलीत.

सुकाणूला मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड. पुढची कड गोलसर, मागची निमुळती. रंधा चालत गेला तसे प्लायचे थर उघडे पडले, नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे. रेष वाकडी दिसली की तिथे उंचवटा. तुमच्या अंगठ्याला तो आधीच कळलेला असायचा, हे जरा अन्यायाचंच! बिजागऱ्यांची भोकंही तुम्ही मोठी पाडून इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेने, बुजवायला लावलीत आणि त्यातच पुन्हा बारीक भोक घेतलंत. "प्लाय कडेनंच पाणी पितो," म्हणालात.

दिवाळीनंतर आंजर्ल्याच्या खाडीत होडी उतरवली. दुपारी वाऱ्याचा जोर वाढला, काठी वाकली, सरळ झाली. फुलीपाशी साधा करकर आवाज नाही. सुकाणू दोन बोटांनी वळतं.

आता वल्ही करायची आहेत. लाकूड तुम्ही पाहिल्याशिवाय घेणार नाही. आणि सुकाणूच्या मजुरीचा आकडा अजून सांगितलेला नाहीत, "बघू नंतर" आता चालणार नाही. शनिवारी दुकानावर येतो.

तुमचा,
होडीवाला