मावशी, तुम्ही ‘तू’ या शब्दावर थांबलात

प्रिय मावशी,

प्रभूच्या नावात सलाम.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण माझ्यासारखे आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आणखीही असतील. तुमचं नाव मात्र घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

मी अकरा वर्षं मंडळीच्या शब्बाथ शाळेत मुलांना बायबल शिकवलं. बायबलमधल्या ६६ पुस्तकांची नावं क्रमाने, प्रेषित पौलाच्या प्रचाराच्या फेऱ्या, येशूचं डोंगरावरचं प्रवचन, सगळं तोंडपाठ. पाठांतराची बक्षिसं अजून घरी कपाटात आहेत. तारण म्हणजे काय असं कुणी विचारलं की पौलाच्या रोमकरांस पत्रातली वचनं अध्यायासकट सांगायचो. आणि दादांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा रात्री वॉर्डात त्यांच्या उशाशी बसून मला देवाशी बोलायला स्वतःचं एक वाक्यही सुचेना. आठवायची ती उपासनेतली वाक्यं. ती म्हणताना माझा अर्धा जीव शेजारच्या खाटेवरचे लोक ऐकतायत का याकडे असायचा.

तुम्ही मऊ भाताचा डबा घेऊन आलात. दादांचा लुळा हात हातात घेतलात आणि म्हणालात, “बापा, माझ्या भावाला काल रात्रभर डोळा लागला नाही, तू बघितलंस. आज लागू दे. या पोरालाही लागू दे. आमेन.” झाली प्रार्थना. रोज ज्याच्याशी बोलणं होतं त्याला कालचं पुढे सांगावं, तशी.

मग पिशवीतून शास्त्र, म्हणजे बायबल, काढलंत. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, बोट अक्षराखाली. स्तोत्र २३ वाचायला तुम्हाला बराच वेळ लागला, आणि मी मनातल्या मनात पुढचे शब्द म्हणत होतो. चौथ्या वचनात ‘तू माझ्याबरोबर आहेस’ इथे तुमचं बोट थांबलं. “बघ रे, स्तोत्र लिहिणारा हिरव्या कुरणात होता तोवर देवाला ‘तो, तो’ म्हणत होता. दरीत उतरला तसा ‘तू’ म्हणाय लागला.”

मावशी, हे स्तोत्र मी मुलांकडून किती वेळा घोकून घेतलं असेल! तो बदल मला कधी दिसला नव्हता. माझ्या प्रार्थनेतही ‘तू’ होतंच, पण मनात मी देवाविषयीच बोलत होतो.

तुम्ही गेल्यावर खाटेच्या लोखंडी दांडीला डोकं टेकून म्हणालो, “मला भीती वाटते. तू आहेस ना?” कानांनी काही ऐकू आलं नाही. पण ऐकणारं कुणीतरी आहे, हे त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं. दादांचा उजवा हात अजून उचलत नाही, तेही मी देवाला रोज सांगतो. कधी रागावूनसुद्धा.

नंतर पंडिता रमाबाईंची साक्ष, म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेली विश्वासाची कहाणी, पुन्हा वाचली. संस्कृत विदुषी म्हणून कलकत्त्याने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी काही वर्षं गेली. इतक्या ज्ञानी बाईला हे उघड कबूल करता आलं, म्हणून मलाही धीर आला. आणि त्यांनी अभ्यास काही टाकून दिला नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ साली निधन होईपर्यंत त्या कामाला वाहून घेतलं. देवाशी ओळख झाली की अभ्यास सुटतो ही माझी भीती त्यामुळे गेली. तुम्हीही मला म्हणालात, “तुझं पाठांतर वाया नाही गेलं. आता ते त्याच्यासमोर म्हण.”

म्हणतोय, मावशी. मुलांनाही आता स्तोत्र पाठ झालं की चौथ्या वचनापाशी थांबवतो आणि म्हणतो, इथून पुढे फळ्याकडे बघून म्हणू नका. काही मुलं डोळे मिटतात, काही खिडकीबाहेर बघतात. चालतं.

तुमचे मनापासून आभार. मंगळवारी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, मी सकाळीच येतो. पट्टी निघेपर्यंत शास्त्र मी वाचीन. हळू वाचीन, कुठे थांबायचं ते तुम्ही सांगा. डबाही आणतो, रिकामा नाही आणणार.

तुमचा,
वॉर्डातला पोरगा