दर वेळी सर्व्हरच डाऊन नसतो

महोदय,

पीकविम्याची मुदत जवळ आली की गावोगावच्या सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात आणि आतून उत्तर येतं, 'सर्व्हर डाऊन आहे.' कधी ते खरंही असतं. पण 4 जीबी रॅम (चालू कामाचा मजकूर ठेवणारी मेमरी) आणि साधी हार्डडिस्क असलेले कॉम्प्युटर आपल्या खेड्यांत अजून पुष्कळ आहेत, आणि घोडं बरेचदा त्या टेबलावरच्या डब्यातच अडतं. इकडे शेतकऱ्याचा दिवस मोडतो. म्हणून हे ओळखायचं कसं, ते लिहितो.

कॉम्प्युटर अडकला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडा. मेमरी 90 टक्क्यांच्या वर, डिस्क 100 वर चिकटलेली आणि नेटवर्क जवळपास शून्य असेल, तर सर्व्हरला बोल लावू नका. मेमरी आणि डिस्क निवांत असूनही पान उघडत नसेल, तर मात्र नेट पाहा.

रॅम भरली की विंडोज तिच्यातला सध्या न लागणारा मजकूर हार्डडिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं आणि लागला की परत आणतं. विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम असेल, तर तिथे यालाच स्वॅप म्हणतात. रॅमला माहिती द्यायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो, फिरत्या हार्डडिस्कला शंभरावा. फरक लाखपटीचा. पंधरा टॅब, स्कॅनरचं सॉफ्टवेअर आणि अँटिव्हायरस एकाच वेळी चालू असले, की डिस्क नुसती ने-आण करत बसते.

'परफॉर्मन्स'मधल्या 'मेमरी'वर क्लिक केलं की 'कमिटेड' या शब्दाखाली दोन आकडे दिसतात, उदाहरणार्थ 7.6/7.9 जीबी. पहिला म्हणजे सगळ्या प्रोग्रामांची मिळून मागणी, दुसरा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. पहिला दुसऱ्याला भिडला की ब्राउझर बंद पडतो आणि अर्धा भरलेला अर्ज जातो. अशा वेळी विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून sysdm.cpl टाइप करा आणि एंटर दाबा. 'अ‍ॅडव्हान्स्ड', तिथून परफॉर्मन्सचं 'सेटिंग्ज', पुन्हा 'अ‍ॅडव्हान्स्ड' आणि व्हर्च्युअल मेमरीचं 'चेंज'. सर्वांत वरची ऑटोमॅटिकची खूण काढा, सी ड्राइव्ह निवडा, 'कस्टम साइज'मध्ये पहिल्या रकान्यात 4096 आणि दुसऱ्यात 8192 (एमबी) भरा. नंतर 'सेट' दाबायचं असतं. नुसतं 'ओके' केलं तर बदल लागत नाही, आणि बरेच जण इथेच चुकतात. शेवटी रीस्टार्ट. सी ड्राइव्हवर 15-20 जीबी मोकळी ठेवा, कारण जागाच नसेल तर पेजफाइल वाढणार कुठे? एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग केले असतील, तर ती डीवर हलवून वेग वाढत नाही.

'पेजफाइल बंद करा, वेग वाढेल' हा सल्ला 4 जीबीच्या मशीनवर घातक आहे. रॅम साफ करणारी फुकट सॉफ्टवेअरंही टाकू नका. ती चालू कामाचा मजकूर जबरदस्तीने डिस्कवर ढकलतात, घटकाभर आकडा कमी दिसतो आणि पुढच्याच क्लिकला मशीन पुन्हा अडकतं.

लिनक्स असेल तर 4 जीबीची स्वॅप फाइल पुरते. तिची परवानगी 600 (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा आणि एफएसटॅब या सेटिंगच्या फाइलमध्ये नोंद करा, नाहीतर रीस्टार्टनंतर ती लागत नाही.

हे सगळं मात्र तात्पुरतं. खरा इलाज म्हणजे आणखी 4 जीबीची रॅम आणि सिस्टिमसाठी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. टास्क मॅनेजरच्या त्याच 'मेमरी'त 'स्लॉट्स यूज्ड' पाहा. 1 ऑफ 2 असेल तर एक जागा रिकामी आहे. तिथेच वेग 1333 किंवा 1600 दिसला तर रॅमची पट्टी साधारणपणे डीडीआर3 या जुन्या प्रकारची, 2400 किंवा 2666 दिसला तर डीडीआर4 ची. दोघींची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून बसत नसेल तर जोर लावू नका. वायर भिंतीतून काढूनच कॅबिनेट उघडा. जिनिंगजवळच्या गावांत आत कापसाचे तंतू आणि धूळ बसते, ती आधी ब्रशने काढा. पट्टी दोन्ही टोकांना 'टक' वाजेपर्यंत दाबा. अर्धवट बसली की मशीन बीप देतं आणि स्क्रीन काळीच राहते.

ग्रामपंचायतींनी आणि केंद्रचालकांनी अख्खा नवा संच घेण्याआधी हा खर्च करून पाहावा, आणि तोही खरिपाची गर्दी उसळण्याआधी, मे महिन्यातच.

– एक संगणक दुरुस्तीकार, दारव्हा (जि. यवतमाळ)