ढाक्याची मॅच आणि आपलं राहिलेलं भांडण

मडगाव,
26 नोव्हेंबर 2025

प्रिय बंड्या,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला, त्यातली पहिली दोन मिनिटं नुसत्या शिव्याच आहेत लगा. फोनवर तू मला मधे बोलूच देत नाहीस म्हणून म्हणलं निवांत लिहूनच पाठवतो, आता वाचण्याशिवाय तुला पर्याय नाही.

ढाक्याचं मला पण लागलंय. फुटबॉलमध्ये बांगलादेशकडून हरलो, 2003 नंतर पहिल्यांदा, आणि तेही अकराव्या मिनिटाच्या एका गोलवर, पुढचा सगळा वेळ हातात असून काही करता आलं नाही. एशियन कपचं दार आधीच बंद झालं होतं म्हणून ही मॅच नुसती अब्रूची होती आणि ती पण गेली. पण तू त्यावरून जे म्हणतोयस ना, की "आपल्याकडं मधे खेळणारे मिडफिल्डरच नाहीत, दहा वर्षं विसर", ते मला पटत नाही.

इथल्या फातोर्डा स्टेडियमवर 14 ऑक्टोबरला मी स्टँडमध्ये होतो, तुला फोटो पाठवलेले. सिंगापूरविरुद्ध आपल्या छांगतेनं चौदाव्या मिनिटाला लांबून असला काय फिरवून मारला की माझ्या शेजारचे एक काका चहाचा कप घेऊनच नाचायला लागले, निम्मा चहा माझ्या शर्टवर. मग हाफटाइमच्या तोंडावर त्यांच्या साँग उई-यंगनं बरोबरी केली आणि 58 व्या मिनिटाला परत तोच. 1-2, खेळ खल्लास. टीव्हीवर कळत नाही पण वरून बसून बघितलं की कळतं, आपले डिफेंडर बॉल घेऊन मान वर करतात आणि मधे पास मागायला कुणी उभंच नसतं. मग बॉल फुलबॅककडं, परत मागं, आणि शेवटी उडवला लांब. हे तुझं बरोबर आहे, मान्य.

पण आठच दिवसांनी त्याच ग्राउंडवर एफसी गोवाची रोनाल्डोच्या सौदी क्लबबरोबर, अल नासरबरोबर मॅच होती. रोनाल्डो आला नाही, त्याच्यासाठी तिकिटं काढलेल्या लोकांची तोंडं बघण्यासारखी होती. 1-2 नं हरलो तिथं पण. पण गोवाचा गोल कुणी केला? ब्रायसन फर्नांडिसनं, इथल्याच पोरानं. त्याला विंगर म्हणायचं की मिडफिल्डर यावर आपण वेगळं भांडू, मुद्दा असा की समोर कोण आहे बघून तो बॉल देऊन मोकळा होत नव्हता, वळत होता. आपल्या नॅशनल टीमला हेच पाहिजे, अंगावर माणूस असताना वळणारा.

आणि केरळच्या विबिन मोहननला, आपल्या तरण्या मिडफिल्डरला, तू "केरळवाल्यांचं कौतुक" म्हणून उडवून लावतोस ते बंद कर. सप्टेंबरमध्ये अंडर-23 च्या क्वालिफायरमध्ये ब्रुनेईविरुद्ध 6-0 जिंकलो त्यात त्याची हॅटट्रिक. ब्रुनेई म्हणजे काय मोठी टीम नाही हे मला पण कळतं. पण त्याच पोरांनी बहारीनला 2-0 हरवलं, कतारकडून 1-2 नं हरली म्हणून बाहेर गेली. 22 वर्षांचा आहे तो. मोहन बागानचा मिडफिल्डर अपुइया अजून पंचविशीतच, एप्रिलमध्ये आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) सेमीफायनलला एक्स्ट्रा मिनिटांत त्यानं लांबून मारलेला गोल त्यांना फायनलला घेऊन गेला, तेव्हा तूच मला रात्री फोन करून ओरडत होतास, विसरलास वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पोरं आहेत, त्यांना मधे खेळायला मिळत नाही. आयएसएलमध्ये प्रत्येक टीमचे चार परदेशी खेळाडू मैदानात. एक मागं, एक पुढं स्ट्रायकर, आणि उरलेले बहुतेक वेळा कुठं, तर मधेच. मग आपलं पोरगं एकतर विंगला सरकवायचं नाहीतर नुसतं पळायला ठेवायचं. तू हसशील, पण कोल्हापुरात आपल्या टीमनं नायजेरियन आणला त्या सीझनला माझं काय झालं आठव. शाहू स्टेडियमवर पाच मॅच मी बेंचवर बसून केळी खाल्ली आणि सहाव्या मॅचला राइट बॅक! म्हणजे मी काय अपुइया नव्हतो, तो नायजेरियन माझ्यापेक्षा दहापट भारी होता, त्याच्याबद्दल तक्रार नाहीच. पण त्यानंतर मी मधे कधी खेळलोच नाही हे पण खरं.

आणि आता तर लीगच नाही. आयएसएल चालवायला टेंडर काढलं, 7 नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही, 8 डिसेंबरला जुना करार संपतोय. बाविशीतल्या मिडफिल्डरनं काय गच्चीवर बॉल मारत बसायचं? तिकडं बांगलादेशनं हम्झा चौधरीला घेतलं, इंग्लंडात वाढलेला, लेस्टरचा. आपल्याकडं दोन पासपोर्ट चालत नाहीत, फुटबॉलर रायन विल्यम्सची आई मुंबईची तरी त्याला ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून यावं लागलं. असे किती जण सोडतील?

आपल्या टीमचा कोच खालिद जमील, त्याच्यावर मात्र माझं अजून ठरत नाही. तो लांब बॉल खेळवतो ही तुझी तक्रार ठीक आहे, पण याच माणसानं ऑगस्टमध्ये आल्या आल्या ताजिकिस्तानला हरवलं, मग ओमानला पेनल्टीवर हरवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा नंबर आणला, तेव्हा तू स्टेटस ठेवलं होतंस "नाद खुळा". स्टेटस चोवीस तासात जातं, माझ्याकडं स्क्रीनशॉट आहे.

2017 आठवतंय का, अंडर-17 वर्ल्ड कप, आपला अनिकेत जाधव टीममध्ये म्हणून चौकात फ्लेक्स लागलेला आणि कोलंबियाविरुद्ध जॅक्सननं हेडर मारला तेव्हा तू माझ्या पाठीवर असली थाप मारलीस की माझा श्वासच अडकला. एक-दोन मिनिटातच त्यांनी परत गोल केला, तू अजून नाचतच होतास, तुला कळलंच नाही.

तर पैज. पुढच्या दिवाळीपर्यंत विबिन नॅशनल टीममध्ये मधे, बरं का मधेच, विंगला नाही, सलग तीन मॅच पहिल्यापासून खेळला तर मटण ताट तुझ्याकडून, तांबडा-पांढरा मागेल तेवढा. नाही खेळला तर इथं ये, मासे माझ्याकडून. वहिनींना नमस्कार सांग आणि येताना कांदा-लसूण चटणी आण, इथली चालत नाही मला.

तुझा,
बाब्या