घड्याळाऐवजी मेंदूकडे पाहायला शिकवणाऱ्या संशोधकांना, नाशिकहून

आदरणीय संशोधक मंडळी,
सप्रेम नमस्कार.

आम्ही नाशिकमध्ये पक्षाघाताच्या रुग्णांचं सीटी आणि एमआरआय करणारे तंत्रज्ञ. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. त्यात यंत्रं घडवणारे आले, चाचण्या आखणारे आले, अंधाऱ्या खोलीत बसून हजारो प्रतिमा वाचणारे आले आणि संमतीपत्रावर सही करून किंवा अंगठा देऊन त्या चाचण्यांत सामील झालेले रुग्णही आले. सीटीसाठी गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना १९७९ साली नोबेल मिळालं, एमआरआयसाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली. ही नावं आम्हाला अभ्यासक्रमात असतात. त्यानंतर त्या यंत्रांचं नेमकं काय करायचं हे ज्यांनी ठरवलं, त्यांची नावं क्वचितच कुणी घेतं. तुमचे आकडे मात्र आमच्या कन्सोलवर रोज असतात.

आधी सांगायला हवं की तुमच्या कामाचं मोल आमच्या भागात इतकं का आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत १९९५च्या अमेरिकन चाचणीने झटका आल्यापासून ३ तास ठरवली. २००८मध्ये युरोपातल्या चाचणीने ती साडेचार तासांवर नेली. सुरगाणा, पेठ, हरसूल, कळवण या बाजूने निघालेल्या रुग्णासाठी ही मुदत बहुधा वाटेतच संपते. आधी गावात मालीश होते, मग ग्रामीण रुग्णालय, मग १०८ची गाडी, मग घाट. आणि जो माणूस पहाटे उठतानाच एका बाजूने लुळा पडलेला सापडतो, त्याची वेळ मोजायची कुठून? नियमाप्रमाणे शेवटचं ठणठणीत पाहिलं तिथपासून, म्हणजे आदल्या रात्रीपासून. असा रुग्ण दारात येण्याआधीच बाद ठरायचा.

ती शेवटची वेळ काढणं हेसुद्धा एक कसब आहे. ‘किती वाजता झालं?’ असं विचारलं की नातेवाईक ‘सकाळी’ म्हणतात आणि ते उत्तर कामाचं नसतं. ‘शेवटचं नीट बोलले कधी?’ असं विचारलं की डेअरीत दूध घालून आले तेव्हा, रात्रीची लाइट आली आणि मोटार चालू करायला गेले तेव्हा, मुक्कामाची एसटी आली तेव्हा, अशी उत्तरं मिळतात आणि त्यांवरून घड्याळाची वेळ बसवता येते. रुग्णाच्या मोबाइलमधला शेवटचा कॉल तर मिनिटासकट वेळ सांगतो.

तुम्ही या घड्याळाच्या जोडीला प्रत्यक्ष मेंदूची स्थिती आणून ठेवलीत. किती भाग मेला, किती भाग अजून तग धरून आहे, हे प्रतिमेवर दाखवलंत. द्राक्षाच्या गावात राहणाऱ्यांना हे लगेच उमजतं: मुख्य चारी तुंबली तरी शेजारच्या वावरातून पाझर येत असेल, तर बाग काही वेळ टिकते. मेंदूत ते काम बाजूच्या रक्तवाहिन्या करतात. कुणात त्या भरपूर असतात, कुणात नावालाही नसतात. म्हणून एकाचा मेंदू दोन तासांत जातो आणि दुसऱ्याचा बारा तासांनीही बराचसा वाचवता येतो.

२०१८च्या डॉन चाचणीत ६ ते २४ तासांमधले २०६ रुग्ण होते, त्यांतले निम्म्याहून अधिक झोपेतून उठताना सापडलेले. तपासणीत मेलेला भाग लहान आणि लक्षणं मोठी अशांचीच निवड झाली. रक्तवाहिनीतून नळी घालून गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के ९० दिवसांनी स्वतःची कामं स्वतः करत होते, फक्त औषधोपचार झालेल्यांपैकी १३ टक्के. त्याच वर्षी डिफ्यूज ३ या चाचणीत ६ ते १६ तासांच्या रुग्णांत हे प्रमाण ४५ आणि १७ टक्के आलं. आमच्यासारख्या दूरच्या तालुक्यांच्या जिल्ह्याला याहून मोठी देणगी क्वचितच कुणी दिली असेल.

पण आमचे सर्वांत मनापासूनचे आभार २०१३ सालासाठी आहेत. त्या वर्षी गुठळी काढण्याच्या उपचाराच्या तीन चाचण्या एकापाठोपाठ छापून आल्या आणि तिन्हींत फायदा दिसला नाही. आयएमएस ३ ही चाचणी तर ६५६ रुग्णांनंतर पुढे चालवण्यात अर्थ नाही म्हणून थांबवली गेली. तुम्ही हे निकाल दडवले नाहीत. कारण शोधलंत. आयएमएस ३मध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांची सुरुवातीला सीटी अँजिओग्राफी (शिरेत कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसण्यासाठीचं द्रव, सोडून काढलेला सीटी) झालेलीच नव्हती, म्हणजे मोठी रक्तवाहिनी खरोखर बंद आहे की नाही हे न पाहता काहींना उपचाराच्या गटात घेतलं गेलं. उपकरणं जुनी होती, वेळही फार गेला होता. पुढे २०१५मध्ये नेदरलँड्सच्या ५०० रुग्णांच्या चाचणीने सुरुवात झाली आणि पाठोपाठ आणखी चार आल्या. या वेळी आधी रक्तवाहिनी पाहिली, मग उपचार केला. पाचही चाचण्यांचे १,२८७ रुग्ण एकत्र मोजले तेव्हा निघालं की दर दोन-तीन रुग्णांमागे एकाचं अपंगत्व किमान एका पायरीने कमी होतं. आज पक्षाघाताच्या साध्या सीटीला जोडून लगेच अँजिओग्राफी करण्याचा आग्रह आम्ही धरतो, तो त्या फसलेल्या चाचण्यांच्या बळावर.

भारतातलंही असंच एक उदाहरण आहे. ३१ केंद्रांतल्या ४,२९८ रुग्णांना घेऊन केलेल्या स्प्रिंट इंडिया चाचणीत दुसरा झटका टाळण्यासाठी संदेश, चित्रफिती आणि पुस्तिका १२ भाषांत दिल्या गेल्या. झटके कमी झाले नाहीत. २०२३मध्ये तसं स्वच्छ लिहिलं गेलं. एवढी मेहनत करून ‘उपयोग झाला नाही’ असं छापायला धैर्य लागतं आणि त्यामुळे पुढच्याचे कष्ट वाचतात.

आता तुमच्या कामातून आमच्या टेबलावर काय उतरलं ते सांगतो, म्हणजे आभार मोघम राहणार नाहीत.

पहिली साधी सीटी रक्तस्राव नाही ना हे पाहण्यासाठी. ताजं रक्त ५० ते ७० हाउन्सफील्ड एककांवर (सीटीवर घनता मोजायचं एकक) पांढरं उठून दिसतं, ते सोपं. अवघड असतो तो रक्तपुरवठा तुटलेला भाग. मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांत मुळातच दहाएक एककांचा फरक. ऊतीत १ टक्का पाणी वाढलं की दोन-अडीच एकक उतरतात, म्हणजे सुरुवातीचा बदल डोळ्यांना जेमतेम जाणवणारा. म्हणून विंडो, म्हणजे पडद्यावर करड्या छटांत दिसणाऱ्या एककांचा पट्टा, अरुंद करायची, रुंदी ४० आणि मध्य ४०. मग कॅलगरीच्या संशोधकांनी २०००मध्ये दिलेली दहा गुणांची पद्धत लावायची: दोन पातळ्यांवर दहा भाग, बिघडलेल्या प्रत्येक भागाचा एक गुण वजा. ही पद्धत डाव्या-उजव्या तुलनेवर उभी आहे, आणि नेमकं तिथेच बिनसतं. डोकं थोडं जरी कललं तरी दोन्ही बाजूंचे वेगवेगळे भाग एकाच कापात येतात आणि निरोगी बाजू आजारी वाटू लागते. त्यामुळे हनुवटी खाली, कपाळावर पट्टा, दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे. यात गेलेलं अर्धं मिनिट वाया जात नाही. डोकं हलून स्कॅन पुन्हा घ्यावा लागला तर त्याहून जास्त वेळ जातो.

अँजिओग्राफीसाठी उजव्या कोपराच्या शिरेत हिरवा इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची बारीक नळी), म्हणजे १८ नंबरचा. शीर बारीक असेल तर गुलाबी, २० नंबरचा. हाताच्या पंज्यावरचा निळा इथे चालत नाही, प्रेशरला शीर फुटते. डावा हात शक्यतो टाळायचा, कारण डावीकडची मोठी शीर महाधमनीच्या फाट्यांसमोरून आडवी जाते आणि तिच्यात साचलेल्या घट्ट कॉन्ट्रास्टच्या रेघा नेमक्या मानेच्या रक्तवाहिन्यांच्या उगमावर पडतात. कॉन्ट्रास्ट ६० ते ८० मिली, सेकंदाला ४ ते ५ मिली या वेगाने, मागून ४० मिली सलाइन. मूत्रपिंडाचा जुना आजार नसेल तर क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाचं काम तपासणाऱ्या रक्तचाचणीच्या, रिपोर्टसाठी थांबायचं नाही. हा दिलासाही तुमच्याच अभ्यासांनी दिला.

परफ्युजन स्कॅन, म्हणजे मेंदूत कुठे किती रक्त पोहोचतं ते दाखवणारा स्कॅन, हा सर्वांत नाजूक प्रकार. सॉफ्टवेअर रंगीत नकाशा देतं, आणि रंगीत नकाशा पाहिला की सगळ्यांचाच त्यावर विश्वास बसतो. रक्तप्रवाह निरोगी बाजूच्या ३० टक्क्यांखाली म्हणजे मेलेला भाग, रक्त पोहोचायला ६ सेकंदांहून जास्त उशीर म्हणजे धोक्यातला भाग, या सीमा तुम्ही शेकडो रुग्णांवर घासूनपुसून ठरवल्यात. पण त्या लागू होण्यासाठी स्कॅन किमान ६०-७० सेकंद चालला पाहिजे. हृदय कमजोर असेल किंवा ठोके अनियमित असतील तर कॉन्ट्रास्ट उशिरा पोहोचतो, त्याच्या चढउताराचा आलेख अर्धवट तुटतो आणि नकाशा चुकीचा येतो. म्हणून नकाशाआधी धमनी आणि शिरेचे आलेख पाहायचे. ते चढून पुन्हा उतरलेले नसतील तर रंगांकडे बघायचंच नाही. ही सावधगिरी तुमच्या शोधनिबंधांच्या पुरवण्यांत बारीक अक्षरांत लिहिलेली असते. त्या पुरवण्या आम्ही वाचतो, हे तुम्हाला कळावं अशी इच्छा आहे.

एमआरआयबद्दल थोडक्यात. १९९०मध्ये मांजरांवरच्या प्रयोगात दिसलं की रक्तवाहिनी बंद केल्यापासून ४५ मिनिटांत डिफ्युजन प्रतिमा (ऊतीतल्या पाण्याची हालचाल दाखवणारी) उजळते, तेव्हा नेहमीची प्रतिमा अजून स्वच्छच असते. त्या वाटेने २०१८ची वेक-अप चाचणी आली: डिफ्युजनवर डाग आहे आणि फ्लेअर या बदल उशिरा दाखवणाऱ्या एमआरआय प्रतिमेवर नाही, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. निधी संपला म्हणून ८०० ऐवजी ५०३ रुग्णांवरच ती थांबवावी लागली, तरी गुठळी विरघळवणारं औषध मिळालेल्यांत ५३.३ टक्के आणि न मिळालेल्यांत ४१.८ टक्के लोक जवळपास पूर्ववत झाले. झोपेत झटका आलेल्यांना त्यामुळे दार उघडलं.

प्रतिमा वाचणाऱ्यांचे आभार वेगळे मानायला हवेत. १९४८मध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत छातीचे एक्स-रे दोन क्ष-किरणतज्ज्ञ आणि एक डॉक्टर स्वतंत्रपणे वाचत होते, आणि कुठली फिल्म कुठल्या गटातली हे तिघांनाही ठाऊक नव्हतं. पक्षाघाताच्या चाचण्यांतही प्रतिमा अशाच, उपचार लपवून वाचल्या जातात. ना रुग्ण भेटतो, ना श्रेय. पण टक्केवारी विश्वासार्ह होते ती याच वाचनामुळे.

शेवटी २०२३च्या एमआर क्लीन-लेट या डच चाचणीविषयी, कारण ती आम्हाला सर्वांत जवळची आहे. १६ स्लाइसच्या (एका फेरीत १६ काप घेणाऱ्या) सीटीवर परफ्युजन करायचं तर एका जागी जेमतेम दोन सेंटिमीटर मेंदू दिसतो, आणि रंगीत नकाशाचं सॉफ्टवेअर लहान केंद्रांना परवडत नाही. या चाचणीने ६ ते २४ तासांमधले ५०२ रुग्ण साध्या अँजिओग्राफीवर बाजूच्या रक्तवाहिन्या दिसतात की नाही एवढ्यावर निवडले आणि तरीही गुठळी काढलेल्यांचं अपंगत्व कमी राहिलं. मेंदूतला रक्तस्राव त्यांच्यात जास्त झाला, ७ टक्के विरुद्ध २ टक्के, तेही तुम्ही लपवलं नाही. बाजूच्या रक्तवाहिन्या पाहायला तर आणखी कॉन्ट्रास्टही लागत नाही: तेवढ्याच डोसवर आठ-आठ सेकंदांच्या अंतराने फक्त डोक्याचे आणखी दोन स्कॅन घेतले, की उशिरा भरणाऱ्या वाहिन्या दिसतात. ही तीन टप्प्यांची पद्धतही कॅलगरीचीच. आमच्या तालुक्यांजवळच्या यंत्रांवर ती उद्यापासून करता येते.

म्हणून आभारासोबत एक मागणं. पुढच्या चाचण्या आखताना निवडीची एक तरी अट अशी ठेवा, जी साध्या सीटीवर आणि हिरव्या इंट्राकॅथवर पूर्ण होईल. डोकं सरळ ठेवायचं आणि वेळ नीट विचारून घ्यायचं काम आमच्याकडे लागलं.

आपले कृतज्ञ,
नाशिकच्या सीटी व एमआरआय कक्षांतले तंत्रज्ञ