तीन मिनिटांच्या तबकडीवरून बालगंधर्वांचे मोजमाप नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ जुलैला मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवणारे गायक-नट बालगंधर्व यांची पुण्यतिथी येते आणि त्यांच्यावरचे बरेचसे लिखाण दोन ठरावीक विधानांवर येऊन थांबते. एक, रेकॉर्डवर ऐकले तर एवढे वेड लागण्यासारखे काय होते ते कळत नाही. दोन, बोलपटात ते अपयशी ठरले. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटातले आनंद भाटे यांचे गाणे ऐकून मूळ तबकड्यांकडे वळलेल्या तरुण श्रोत्याचाही पहिल्याच तबकडीला विरस होतो. या दोन्ही विधानांमागचा पुरावा सदोष आहे आणि तो कुठे सदोष आहे हे नेमके सांगता येते, म्हणून हे पत्र.

आधी तबकडी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन, फार तर सव्वातीन मिनिटांचे गाणे मावते. रंगमंचावर ‘स्वयंवर’ नाटकातले ‘नाथ हा माझा’सारखे पद वन्समोअर धरून त्याच्या कितीतरी पट चाले. मुखड्यावर दर वेळी वेगळ्या वाटेने येणे, एकच शब्द तीन-चार छटांनी म्हणणे, सारंगीला जागा सोडणे, समेपूर्वी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेआधी, क्षणभर थांबणे हे सगळे तबकडीसाठी कापले जाई. उरे ते धृपद, अंतरा आणि चार-दोन ताना. तेवढेही बसवायचे तर लय चढवावी लागे. म्हणजे आज आपण ऐकतो ती लय पुष्कळदा तबकडीच्या मापाची आहे, नाटकातली नव्हे.

दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. १९२५ च्या सुमारापर्यंत मायक्रोफोन नव्हता. गायकाने भोंग्यात तोंड घालून गायचे आणि आवाजाच्या जोरावरच सुई मेणात रेघ ओढायची. या पद्धतीत साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्‌झ एवढाच पट्टा उतरतो. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा खालून जातो. स, श, च या वर्णांची धार वरून जाते. बालगंधर्वांचे गाणे तर शब्दावर उभे होते. ‘सुजन कसा मन चोरी’ या ओळीतल्या स आणि चची धारच गेली, तर मागे नुसता गोड स्वर राहतो आणि मग ‘नुसता गोडवा’ असा शेरा मारला जातो. विजेवरचे मुद्रण आल्यानंतरची रेकॉर्ड शेजारी ठेवून ऐकावी, फरक कानाला लगेच कळतो.

तिसरा दोष वेगाचा, आणि तो घरबसल्या सुधारता येतो. जुन्या सगळ्याच तबकड्या मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत. ७४ ने मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली की स्वर जवळजवळ एक पट्टी वर चढतो, म्हणजे पेटीवरच्या पांढरी एकचा षड्ज (सा) शेजारच्या काळी एककडे सरकतो. लय शेकडा पाचाहून थोडी अधिक वाढते. सव्वातीन मिनिटांचे पद तीन मिनिटे पाच सेकंदांत संपते. आवाज चिरका लागतो, आंदोलनाचा थरकाप होतो आणि ताना यांत्रिक वाटतात.

तपासायचे असे. तबकडीतल्या ऑर्गनचा षड्ज पेटीवर शोधावा. तो दोन पट्ट्यांच्या मधोमध अडकला तर वेगाबद्दल शंका घ्यावी, पण लगेच निकाल देऊ नये, कारण त्या काळच्या सगळ्या ऑर्गनांचे सूर आजच्या पेटीशी जुळतातच असे नाही. मग एकाच सुमारास मुद्रित झालेल्या तीन-चार बाजू घेऊन त्यांचे षड्ज ताडून पाहावेत. एखादीच वेगळी निघाली तर बहुधा तिचा वेग चुकला आहे. संगणकावर दुरुस्ती करताना वेग आणि स्वर एकत्र बदलणारीच सोय वापरावी. नुसता स्वर उतरवला तर लय चुकीचीच राहते आणि आवाजाचा पोतही बिघडतो. इंटरनेटवरच्या अनेक प्रतींत नेमकी हीच चूक झाली आहे.

आता रंगमंचावर काय होते ते. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला, १९११ मध्ये ‘मानापमाना’तली भामिनी, १९१३ मध्ये गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी, १९१६ मध्ये ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी, १९१९ मध्ये ‘एकच प्याला’तली सिंधू, १९३१ मध्ये कान्होपात्रा. ही यादी सगळे देतात. पण मंडळीच्या साथीचा विचार फारसा कोणी करत नाही. ऑर्गनचा भाता पायाने चालतो, त्यामुळे वादकाचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि सूर अखंड भरलेला मिळतो. मात्र पट्टीच्या वाद्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही. ती उणीव कादरबक्षांची सारंगी भरून काढी. तबल्यावर अहमदजान थिरकवा. बैठकीच्या दर्जाचे साथीदार नाटकाच्या पदासाठी पदरी ठेवणे हा खर्चाचा डोंगर होता, पण त्याशिवाय ‘स्वयंवर’ उभेच राहिले नसते. ‘स्वयंवरा’च्या पदांना चाली देणाऱ्या गायक भास्करबुवा बखल्यांनी यमन, बिहाग, भीमपलास असे भारदस्त राग या नाटकात आणले. ते पेलायला गळा हवा तशीच साथही हवी.

भाषणातून पदात शिरण्याची त्यांची रीत तर आजच्या प्रत्येक गायक-नटाने अभ्यासावी अशी आहे. त्यांचे संवादच सुराच्या आसपास असत. शेवटच्या वाक्याखाली ऑर्गनचा सूर हळूच येई आणि पहिला शब्द बोलण्याच्याच उंचीवरून उचलला जाई. प्रेक्षकाला भाषण संपले आणि गाणे सुरू झाले असा सांधा जाणवत नसे. आज प्रयोगात बहुधा इथेच घात होतो. संवाद एका पट्टीत, पद तीन-चार सुरांनी वर, आणि मध्ये सुरावटीचा लांब तुकडा. त्या तुकड्यात पात्र नुसते उभे राहते आणि रसभंग होतो.

राहिला बोलपट. १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘धर्मात्मा’ काढला. संगीत मास्टर कृष्णरावांचे. म्हणजे भास्करबुवांच्याच शिष्याचे, घरचेच. बालगंधर्व तेव्हा ४७ वर्षांचे होते. तीस वर्षे स्त्रीभूमिकेत मुरलेल्या नटाने त्यात संत एकनाथांची पुरुषभूमिका केली. पदर, मान, बोटे, पावलाची गती यांवर उभा असलेला सारा अभिनय एका झटक्यात बाजूला ठेवावा लागला. शिवाय त्या काळच्या बोलपटांत गाणे बहुतेक चित्रीकरणाबरोबरच मुद्रित होई. माइक चौकटीबाहेर, वादक चौकटीबाहेर, आणि गाताना ठरल्या जागेवरून हलायचे नाही. मिनिटाला नव्वद फूट फिल्म खर्ची पडते, तिथे वन्समोअरला वाव कुठला? समोर बसलेल्यांच्या दादेवर ज्याचे पद फुलत जाई, त्याला समोर फक्त यंत्र मिळाले.

१९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, पण तोवर प्रेक्षकांची नजर पालटली होती. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या होत्या, आणि बोलपटात नायिका स्त्रियाच होत्या. शेवटच्या रांगेसाठी बेतलेला हावभाव कॅमेऱ्याने जवळून दाखवला की तो मोठा दिसतो, आणि वयही लपत नाही. याला गायक-नटाचे अपयश म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते. माध्यम त्यांच्या कलेला प्रतिकूल होते, आणि ते त्यांच्याकडे उशिरा आले.

नव्या श्रोत्याला आमची सूचना अशी, की सुरुवात ‘कान्होपात्रे’तल्या ‘अगा वैकुंठीच्या राया’ने करावी. तिथे मुद्रण विजेवरचे आहे, शब्द स्वच्छ कळतात. कान त्या उच्चाराला सरावला की मग मागे ‘स्वयंवरा’च्या पदांकडे जावे. गायकांनी तबकडीची लय जशीच्या तशी उचलू नये. पद आधी गद्यासारखे मोठ्याने म्हणावे आणि माइक बंद ठेवून शेवटच्या रांगेत प्रत्येक अक्षर पोचेल अशी लय धरावी.

आणि आपल्याला एक विनंती. पुण्यतिथीच्या पानावर किंवा वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर जुने पद ऐकायला देताना त्याखाली तबकडीचा क्रमांक, मुद्रणाचे वर्ष, मुद्रण भोंग्याचे की विजेचे आणि प्रत कोणत्या वेगाने केली एवढ्या चार नोंदी छापाव्यात. त्यांना दोन ओळी पुरतात.

आपले,
जुन्या नाट्यध्वनिमुद्रिकांचे दोन अभ्यासक, पुणे