वाईनची बाटली हॉलच्या शोकेसमध्ये ठेवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा आला की लोणचं कसं टिकवायचं, मसाल्याला कीड कशी लागू द्यायची नाही यावर पेपरात दरवर्षी छान छान येतं, पण वाईन घरात कशी ठेवायची आणि पाहुण्यांना कशी द्यायची यावर मराठीत मी तरी फारसं वाचलेलं नाही. आता मुंबईत कितीतरी मराठी घरात वर्षाला दोन-चार बाटल्या येतात, कुणी नाशिकहून आणतं, कुणी गिफ्ट देतं, त्यात लपवण्यासारखं काही राहिलं नाही. म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे मुलुंडला मुलीचा साखरपुडा झाला. माझा मामेभाऊ दिंडोरीकडे द्राक्षं करतो, खायची नाहीत, वाईनची, आणि ती एका वाईनरीला घालतो. त्याने दिवाळीत शिराझच्या, म्हणजे त्या जातीच्या काळ्या द्राक्षांच्या रेड वाईनच्या, दोन कॉर्कवाल्या बाटल्या दिल्या होत्या, त्या आम्ही मोठ्या कौतुकाने हॉलच्या शोकेसमध्ये उभ्या ठेवल्या, गणपतीच्या मूर्तीच्या खालच्या कप्प्यात, आणि आमची खिडकी पश्चिमेची, दुपारी तीनपासून ऊन थेट तिथे. साखरपुड्याच्या संध्याकाळी जवळची माणसं तेवढी उरली तेव्हा पहिली बाटली काढली तर कॉर्क बाटलीच्या तोंडापासून दोन-तीन मिलिमीटर वर आलेलं, आणि गळ्यावर लाल चिकट ओघळ वाळलेला. ओतल्यावर कडेला रंग विटकरी, वास मनुका शिजवल्यासारखा. व्याहीबुवांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि अगदी सहज म्हणाले, नाशिकची वाईन अशीच असते हो. भाऊ शेजारीच बसलेला. त्याचं तोंड एवढंसं झालं.

मग तो उठला आणि गाडीतून थर्माकोलचा डबा घेऊन आला, त्यात बर्फाच्या पिशव्या आणि तीच शिराझ, त्याच वर्षाची, त्याच्याच शेतातल्या द्राक्षांची, फक्त ही आजपर्यंत वाईनरीच्या थंड गोदामात आडवी होती. दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवले. दुसऱ्याला जांभळासारखा वास, मिरीची किंचित झाक, रंग काळपट लाल. व्याहीबुवांनी तो ग्लास संपवला आणि भावाला दहा प्रश्न विचारले. मला मात्र रात्रभर वाईट वाटत राहिलं, कारण पहिली बाटली आम्ही घरात सहा-सात महिने उकडत ठेवली होती.

त्यामागे कष्ट किती असतात ते मी लहानपणापासून मामाकडे पाहिलंय. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी, मध्ये डावणी हा बुरशीचा रोग येतो का म्हणून जीव टांगणीला, फेब्रुवारीत माल तयार व्हायला आणि अवकाळी किंवा गारपीट यायला एकच गाठ. तोडणीसुद्धा रात्री नाहीतर पहाटे करतात, द्राक्षं गार असतानाच वाईनरीत पोचावीत म्हणून, आणि तिथे स्टीलच्या टाक्यांना बाहेरून थंड पाणी फिरवून आंबण्याची क्रिया ताब्यात ठेवतात, पांढऱ्या वाईनची साधारण 12 ते 16 अंशांवर. शेतापासून बाटलीपर्यंत इतकं जपलेलं सगळं शेवटी आपल्या हॉलमध्ये येऊन वाया जातं.

वाईनला लागतं काय तर गारवा, अंधार आणि शांतता. 12-13 अंश उत्तम, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तापमान सारखं खालीवर होऊ नये. मुंबईत मेमध्ये दुपारी 33-34 आणि रात्री 27-28, म्हणजे उष्णतेने आतली वाईन फुगते आणि कॉर्कला वर ढकलते, गार झाली की आकसते आणि बाहेरची हवा आत ओढून घेते, आमच्या बाटलीचं हेच झालं. कॉर्कची बाटली आडवी ठेवायची म्हणजे कॉर्क ओलं राहतं आणि सुकून बारीक होत नाही, फिरकीच्या झाकणाची उभी राहिली तरी चालते. फ्रिजच्या डोक्यावर तर कधीच नको, तिथे गरम हवा आणि मोटरची थरथर दोन्ही, आणि आपल्याकडे निम्म्या घरांत बाटली नेमकी तिथेच असते. माळाही नको, स्लॅबची सगळी उष्णता माळ्यावर उतरते.

प्रत्येकाने वाईनचा वेगळा फ्रिज घ्यावा असं मी म्हणत नाही. बेडरूममधल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा, बाहेरच्या भिंतीला न टेकलेला, रात्री जिथे एसी चालतो ती खोली, बास. वर वर्तमानपत्र गुंडाळायचं, उजेड लागत नाही, आणि पावसाळ्यात लेबलवर बुरशी धरते तीही जरा कमी. एसी नसेल तर सरळ नेहमीच्या फ्रिजमध्ये खाली ठेवा. वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर तिथे कॉर्क सुकतं, पण मेचा उन्हाळा काढायला फ्रिज बाहेरच्यापेक्षा शंभर पट बरा. आणि तशीही ठेवून ठेवून ठेवायची कशाला? जुनी तितकी चांगली हे अगदी थोड्या वाईनला लागू आहे, आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या असतात.

देताना सगळ्यात मोठा घोळ रेड वाईनचा. रूम टेंपरेचरला द्यावी असं सगळे सांगतात, पण ते टेंपरेचर युरोपातल्या जुन्या थंड घरांचं, 16 ते 18 अंशांचं, आपल्या दादर-मुलुंडच्या खोलीचं नव्हे. 30 अंशांची रेड नुसती दारूसारखी नाकात जाते. तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडा. पांढरी 8 ते 12 अंशांवर, म्हणजे फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबायचं, कारण अगदी बर्फगार असली की वासच येत नाही. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ, कुल्फीला करतात तसं, पंधरा-वीस मिनिटांत बाटली गार होते. ग्लासात बर्फ मात्र कृपा करून घालू नका. ग्लास एक तृतीयांशच भरा, वास फिरायला जागा लागते, आणि ग्लासला भांड्यांच्या साबणाचा वास राहिलेला नाही ना ते आधी हुंगून बघा, यात भलेभले फसतात. तळलेल्या बोंबलाबरोबर शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन गार करून देऊन बघा, झणझणीत रश्श्याबरोबर कडक रेड नको, तिखट जास्तच झोंबतं.

उरलेली वाईन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, रेडसुद्धा, तीन-चार दिवस नीट राहते. हवा जितकी कमी तितकी आंबट होणार नाही.

आता दुकानांबद्दल. आमच्या स्टेशनजवळच्या एका दुकानात बाटल्या रस्त्याकडच्या काचेत उभ्या असतात, वर फोकस लाइट, एसी नाही, रात्री शटर बंद म्हणजे आत भट्टी. मी मालकांना सांगितलं तर म्हणाले, ताई, काचेत दिसली तरच खपते. मग रिकाम्या बाटल्या लावा ना काचेत! मी आता मागच्या लेबलवरची तारीख बघते, कॉर्क वर आलंय का ते बोटाने चाचपते आणि आतल्या कपाटातलीच बाटली मागते. तिथून घरी येतानाही ती उन्हात उभ्या गाडीत ठेवून दुसऱ्या कामाला जायचं नाही.

माझी विनंती एवढीच की मार्च-एप्रिलमध्ये तुमच्या पुरवणीत यावर एक छोटी चौकट छापा, नाशिकच्या एखाद्या वाईन बनवणाऱ्या माणसाला विचारून. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात सध्या भावाने पाठवलेल्या तीन बाटल्या आडव्या आहेत, तुमच्याच पेपरात गुंडाळलेल्या. डिसेंबरात लग्न आहे, पहिला ग्लास व्याहीबुवांना द्यायचा आणि भावाला त्यांच्या शेजारी बसवायचं असं ठरवलंय.

आपली नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई