उंदीर दिसायची वाट बघू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. रात्री माळ्यावर खुडबुड होते असं तू लिहिलंस, आणि वहिनी म्हणतात तुला भास होतात. मला नाही वाटत भास असेल. घर निजलं की उंदरांचा दिवस सुरू होतो. भरदिवसा ते फिरताना दिसायला लागले, तर बहुधा आत कुटुंब बरंच वाढलेलं असतं. म्हणून आत्ताच शोधाला लाग.

पहिल्यांदा लेंड्या. बॅटरी घे आणि ओट्याखाली, फ्रिजच्या मागे, डब्यांच्या आडोशाला बघ. लहान घर-उंदराची लेंडी तांदळाच्या दाण्यासारखी, 3 ते 6 मिलिमीटर, टोकाला निमुळती. मोठ्या उंदराची चांगली 12 ते 18 मिलिमीटर. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची, उगाच उंदरावर आळ नको. ताजी लेंडी काळी, ओलसर, चकचकीत असते. जुनी करडी पडते, काडीने दाबली की भुगा होतो. एकटा उंदीरसुद्धा दिवसाला 50 च्या आसपास लेंड्या टाकतो, तेव्हा सडा पाहून घाबरून जाऊ नकोस. सगळं साफ कर आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तिथेच बघ. नव्या पडल्या, तर मुक्काम चालू आहे.

साफ करताना झाडू मात्र लावू नकोस. धूळ उडून नाकातोंडात जाते, आणि त्यातून आजार होऊ शकतात. हातमोजे घाल, जंतुनाशकाने भिजव, थोडा वेळ थांब, मग कागदाने उचल. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातून पसरतो, त्यामुळे ओला कोपरासुद्धा उघड्या हाताने पुसायचा नाही.

मग भिंती बघ. उंदीर मोकळ्यावरून सहसा जात नाही, भिंतीला अंग घासत रोज त्याच वाटेने जातो. त्यामुळे जमिनीलगत तेलकट काळपट पट्टा उमटतो. शंका असेल तिथे रात्री पीठ भुरभुरव. सकाळी पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, आणि मधून शेपटीची रेघ उमटलेली सापडेल. पिंजरा त्याच वाटेवर भिंतीला चिकटून ठेव, खोलीच्या मधोमध ठेवण्यात काही अर्थ नाही.

त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडणं त्याला सुटत नाही. साबण, प्लॅस्टिक, लाकूड काही चालतं. लाकडावरची ताजी खूण फिकट असते, पुढे काळवंडते. पण मला खरी धास्ती वायरींची. माळ्यावरच्या वायरी आधी तपास, आणि तांबं उघडं दिसलं तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलाव.

उग्र कस्तुरीसारखा वास आणि चिकचिक आवाज आला, तर ती चिचुंद्री. ती किडे खाते, उंदरांच्या जातीचीच नाही.

लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते, तेव्हा नळाच्या पाइपाभोवतीची भोकं तारेच्या घासणीने ठासून भर आणि वरून सिमेंट लाव. नुसत्या कापडाच्या बोळ्याचं तो घरटं करेल.

काय सापडलं ते लगेच कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र